घुबडाने मान वळवली

धान्याच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. शटर अर्धं ओढलेलं. मधोमध रचलेल्या पोत्यांवर पायाला दोरी बांधलेलं गव्हाणी घुबड, आणि शेजारी महाराज.

“उंदीर का माजले? पोरं तापाने का फणफणली? तुमच्यातल्या एकाच्या नजरेमुळे! हा पक्षी त्या पाप्याकडे मान वळवील. मग पापी बाजाराबाहेर, आणि याचं रक्त उंबऱ्यावर. संपली पीडा!”

मी जन्मभर थापा मारत आलो. माझ्या गोष्टींत मगर झाडावर घरटं बांधते. पण ही गोष्ट मलाही सुचली नसती.

महाराजांचा चेला कंदील घेऊन एकेकाच्या पाठीमागे उभा राहू लागला. व्यापारी झाले, हमाल झाले. घुबड ढिम्म. मग तो माझ्या वहिनीच्या मागे आला. वहिनी इथे फाटकी पोती शिवते. आढ्यातली घुबडांची जोडी याच महाराजांनी पकडली, तेव्हा आडवी आलेली ती एकटीच. पोत्यांवर होता तो त्यातला नर; मादी कुठे विकली गेली, देव जाणे.

घुबडाची मान सर्रकन वळली. पांढरा चेहरा थेट वहिनीवर रोखला गेला.

“हीच! हाकला हिला!”

कुणीतरी काठी उचलली.

वहिनी उठली. “भावजी, जरा वाट द्या.” ती सरळ समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. “आता बघ म्हणावं माझ्याकडे.”

घुबडाने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर चेल्यावरच.

“जागेवर बस, बाई!” महाराज गरजले.

चेला दोन पावलं सरकला. मानही सरकली.

“दिव्याकडे बघतंय ते,” एक व्यापारी म्हणाला.

“मग दिवा खाली ठेवू दे की,” वहिनी म्हणाली.

कंदील खाली आला. घुबडाची मान चेल्यावरून हलली नाही. चेल्याचा हात मात्र कोटाच्या खिशाकडे गेला आणि एका हमालाने तो वरच्या वर धरला. खिशातून निघाली भोकाची डबी, डबीत उंदराचं पिल्लू. भोकातला कापूस चेल्याने वहिनीच्या मागे काढला होता. सगळ्यांच्या देखत परत कोंबणार कसा? आपल्याला ऐकू न येणारी ती चीं-चीं घुबडाला मात्र ढोल वाजावा तशी ऐकू येत होती.

“उंदीर खाणारी जोडी तुम्हीच नेलीत,” वहिनी महाराजांना म्हणाली, “आणि उंदीर माजले म्हणून दोष माझ्या नजरेला?”

उगारलेली काठी खाली आली. कुणीतरी वनखात्याला फोन लावला. त्यांची माणसं येईस्तोवर महाराज पोत्यांच्या आडून निसटायला बघत होते. हमालांनी त्यांना पोत्यावरच बसवून ठेवलं. वहिनीने दोरी सोडली. घुबड आवाज न करता आढ्यात गेलं. तिथे ते आता एकटंच आहे.

घुबडाला पाप-पुण्य कळत नाही. त्याला उंदीर कळतो, आणि आपल्याला तेवढंच पुरे आहे. त्याला जगू द्या. उद्या कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून गर्दी उठवली, तर काठी उचलण्याआधी तिला फक्त जागा बदलायला सांगा, आणि बघा बोट कुठे राहतं ते. माझ्या झाडावरच्या मगरीवर हवा तर विश्वास ठेवा. तिच्यापायी कुणी बेघर होत नाही.