मेंदीचं नख

विकासच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची अख्ख्या अंबरपेठेत चेष्टा चालायची. लग्नाला जमलेल्या बायकांनी तर ताळच सोडला होता. "नवरीपेक्षा नवऱ्याचीच नखं मोठी गं बाई!" डाव्या हाताची बोटं शाळकरी पोरासारखी साफ, आणि उजव्या हाताला ही नखं. त्यातलं अंगठ्याचं तर लाडकं लेकरूच. रोज एरंडेल चोळायचं, बारीक पॉलिशपेपरनं कड घासायची, बादली डाव्या हातानं उचलायची, पंगतीत वरणभात चमच्यानं खायचा. हसणारे हसत होते. हसा म्हणावं खुशाल!

विकास अफझलगंजात पंपांच्या दुकानात बिलं करायचा, पण जीव सगळा गिटारीत. ती सिनेमातल्या गाण्यांची नव्हे. फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनमधल्या नाचाची. सिकंदराबादच्या अविनाश सरांकडं तो मिसरूड फुटल्यापासून ती शिकत होता. साल शहाण्णव. शहरात रोज काहीतरी नवं उघडत होतं, परदेशी माणसं येत होती. बंजारा हिल्सच्या एका नव्या हॉटेलात स्पेनची नाचाची मंडळी उतरली, आणि त्यांचा गिटारवाला आजारी पडून मायदेशी परतला. पुढं दिल्ली, मुंबई, कलकत्ता असा दोन महिन्यांचा दौरा ठरलेला. सरांनी विकासचं नाव सुचवलं. मंडळींची मुख्य नर्तकी म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळी येऊन वाजवून दाखवू दे. आणि विकासचं लग्न गुरुवारी! मुहूर्त कधीचा धरलेला. काय करणार?

या वाजवण्यात अंगठा म्हणजे घरचा कर्ता. तो तारेवर जोरात पडतो आणि खालच्या तारेला टेकून थांबतो. एवढं मांसानंही जमतं. पण मग तोच अंगठा नखाच्या पाठीनं उलटा वर ओढायचा आणि लगेच परत खाली आणायचा असतो. त्याला म्हणतात आल्झापुआ. त्या नर्तकीबाईंनी निरोपात तेच मागितलं होतं: पाय आपटताना मला तुझा अंगठा ऐकू आला पाहिजे. नख नसेल तर वर जाताना नुसती फुसफुस होते.

घर मूळचं बिदरकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत काढल्यावर तेलुगू शेजाऱ्यांच्या रीती लग्नात शिरणारच. त्यातलीच ही एक: मंगलस्नानाआधी नवऱ्याला पाटावर बसवून न्हाव्यानं त्याची नखं काढायची. विकासनं न्हाव्याला आधीच गाठलं होतं. नखं काढायची ती नराणी डाव्या करंगळीला लावल्यासारखं कर, बस्स! न्हावी म्हणाला, "हौ साब, फिकर नक्को."

गुरुवारी सकाळी तो पाटावर बसला. व्हिडिओवाल्यानं थेट तोंडावर लाइट मारला. "दूल्हे राजा, इधर देखो! जरा मुस्कुराओ!" विकासचे डोळे दिपले. डावा हात पुढं करून तो लाइटाकडं बघत कसाबसा हसला. तेवढ्यात त्याची आत्या इंदुताई कडाडली, "अगं बाई, शुभकार्याला डावा हात? अक्कल आहे का कुणाला!" आणि पंच्याखाली दडवलेला उजवा हात तिनं मायेनं ओढून न्हाव्याच्या हाती दिला. "अंगठ्यापासून कर रे." न्हाव्यानं विकासकडं बघितलं. विकास अजून कॅमेऱ्याकडं बघत होता. एवढ्या बायकांसमोर आत्याबाईंना नाही कोण म्हणणार?

कच्‌.

"आत्या!" विकास असा ओरडला की सनईवाला थांबला. तो उठायला गेला, तर चौघींनी खांदे दाबून खाली बसवला. बाकीची नखं तेवढी त्यानं मूठ आवळून वाचवली. पाटावरून नवरा उठला तर अपशकुन. इंदुताईचं तोंड एवढंसं झालं. "अरे, नखच तर होतं. येईल की परत." कापलेलं नख कुणाच्या हाती लागलं तर करणी करतात, म्हणून तिनं ते लगोलग उचलून पाण्याबरोबर मोरीत सोडलंही होतं. विकासचं लाडकं लेकरू गटारात गेलं.

लग्नाच्या सगळ्या फोटोंत विकास सुतकात बसल्यासारखा आहे. नवरीकडच्या निजामाबादच्या पाहुण्यांत कुजबुज झाली, पोराला पोरगी पसंत नाही वाटतं. नवरी भाग्यलक्ष्मी मान खाली घालून सगळं ऐकत होती.

शुक्रवारी दुपारी विकास टेबल टेनिसचा चेंडू कातरत बसला. नखाच्या आकाराचा तुकडा काढायचा, फेविक्विकनं चिकटवायचा, घासायचा. अंगठा खाली मारला, ठीक. वर ओढला, टक्‌! तुकडा उडून कपाटाखाली. दुसरा लावला, तोही गेला. चेंडूचं प्लास्टिक नखासारखं वाकतच नव्हतं. बोटं गोंदानं चिकट झाली, घड्याळ पुढं सरकत होतं. आजची संध्याकाळ गेली की मंडळीही गेली, मग जन्मभर पंपांची बिलं.

"अहो, एक विचारू?" भाग्यलक्ष्मी दारात उभी होती. "मी नाही ना आवडले तुम्हाला?"

दोन दिवसांत विकासनं तिच्याकडं धड पाहिलंही नव्हतं. लाज वाटली त्याला स्वतःची. मग त्यानं अंगठाच तिच्यापुढं धरला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं: नख, आत्या, दौरा, चेंडू.

तिनं जवळ येऊन तो अंगठा नीट बघितला. "सगळं नख लागतं का तारेला?"

"नाही. एवढी एकच कड."

तिनं दाराला कडी घातली आणि आपला उजवा अंगठा पुढं केला. नख लांब होतं, मेंदीनं गर्द लाल. तिच्या घरी नवरीची हीच रीत करताना नुसती पायाच्या बोटाला नराणी टेकवली होती. "नेलकटर द्या."

"आत्ता? अगं, दिवेलागण झाली. शुक्रवार आहे."

"माहीत आहे मला. आईनं निघताना शपथ घातली होती. सासरी नख, केस, काहीच कुणाच्या हाताला लागू देऊ नको. कुणी करणी केली तर जन्माची माती होते. आणि मी आल्या आल्या हातात देतेय तुमच्या. समजलं का?"

विकासला समजलं. त्यानं नेलकटर तिच्या हातात ठेवलं.

तिनं वाढलेलं नख मांसाला लागून कापलं. ते सबंध, एका तुकड्यात निघालं. विकासनं ते आपल्या बोडक्या नखावर बसवलं, गोंद लावला, श्वास रोखून दाबून धरलं. तेवढ्यात दार वाजलं. "सूनबाई! देवापुढं दिवा लावायचाय. दार का लावलंय गं?" इंदुताई! भाग्यलक्ष्मीनं अंगठा मुठीत, मूठ पदराखाली घेतली. "आले आत्याबाई!" म्हणत ती निघून गेली. विकासनं पॉलिशपेपरनं कड घासली आणि भीत भीत अंगठा वर ओढला. तार खणखणीत बोलली.

हॉटेलात बाईंनी नमस्कार नाही की चमत्कार नाही, सरळ पाय आपटायला सुरुवात केली. विकास त्यांच्या टाचांवर नजर ठेवून वाजवत गेला. लय वाढली तशी नखाची एक बाजू सुटत असल्याचं त्याला जाणवलं. हात आवरता घ्यावा? मग मनात आलं, तिनं दिलं ते काय हात आवरून वाजवायला? त्यानं अंगठा आणखी जोरात मारला, वर ओढला, पुन्हा मारला. बाई थांबल्या. त्यांनी त्याचा हात उचलून ते लाल नख बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. "रविवारी दिल्ली," दुभाष्यानं सांगितलं.

शनिवारी सकाळी विकासनं भाग्यलक्ष्मीला सांगितलं. हळद निघाली नव्हती अजून, आणि दोन महिने! ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. पाठ हलत होती. विकासला वाटलं, संपलं. ही आता माहेरचा रस्ता धरणार. "तू नको म्हणालीस तर नाही जात," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले. ट्रंकेतून कुंकवाचा रिकामा करंडा काढला आणि नेलकटर घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. डावा अंगठा पुढं केला.

"हे पण घेऊन जा. तिकडं एखादं उडालं तर कुणाकडं मागाल?" मग नाक ओढत म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं लावून आलात ना, तर बघा!"