जुनकिरीने काय पुरलं?

जौकलाची टोपली त्या वर्षीही अर्धीच भरून आली. नवऱ्याने विचारलं, "उरलेली वाटेत खाल्लीस की काय?" जटामांसीची मुळी कोणी वाटेत खात नाही, ती कडूजहर असते. पण नेपाळातल्या जुम्ल्याच्या डोंगरात नवऱ्याच्या विनोदाला हसायची रीत आहे, म्हणून ती हसली.

हसण्यासारखं काही नव्हतं. फापराची, म्हणजे कुट्टूची, शेतं पुरुषांच्या नावावर, मेंढरंही पुरुषांचीच. वरच्या कुरणातली जटामांसी तेवढी बायकांची. आश्विनात चढायचं, मुळ्या खणायच्या, सुकवून विकायच्या आणि आलेला पैसा कमरेच्या फडक्यात घट्ट बांधायचा. कुरण आटलं, तर लेकीच्या पाटीपेन्सिलीसाठीसुद्धा या विनोदी माणसापुढे हात पसरावा लागणार होता.

गावात सभा बसली. कुरण का आटलं याचा शोध घ्यायला माणसांना फार वेळ लागत नाही. कारण हाताशी असावं लागतं, आणि ते सहसा विधवा असतं.

"त्या जुनकिरीचा उतार बघा," शेजारची रनमती म्हणाली. "आपल्याकडे नुसते दगड, तिच्याकडे हिरवंगार. मातीखालून आपल्या मुळ्या ओढून नेते ती."

"खणून झालं की काहीतरी पुरते," दुसरी म्हणाली. "वरून पाय देऊन दाबते. आणि सारखी पुटपुटत असते."

"काय पुटपुटते?"

"ते ऐकायला थांबायला मी काय खुळी आहे?"

जौकला बायकांची पुढारी. तिने निकाल दिला, "मग ही बोक्सीच." बोक्सी म्हणजे चेटकीण. अंगात देव येणारा धामी तिथेच बसला होता. त्याच्या अंगात लगेच देव आला आणि पुरलेली करणी उकरून जाळा, असं म्हणाला. त्या गावच्या देवाचं आणि सभेचं कधी दुमत झालेलं नाही.

जुनकिरीला अंगणात ओढून आणलं. "अगं वहिनी, ऐक तरी, मी मुळीचं—" एवढंच ती बोलली. मग तिचं तोंड भरण्यात आलं. कशाने ते लिहीत नाही. गावात गुरं पुष्कळ आहेत, एवढं सांगतो. काठी जौकलाच्या हातात होती. पुरुष ओट्यावर बसून, बायकांच्या भांडणात आपण पडू नये, असं एकमेकांना समजावत होते.

सकाळी बायकांनी जुनकिरीचा अख्खा उतार उकरला. हाडं, केस, टाचण्या टोचलेली बाहुली, असं काही निघेल म्हणून सगळ्या जपून हात घालत होत्या. निघाले ते बोटभर मुळीचे तुकडे, वर कोंब असलेले. ढीग करून पेटवले. धुपासारखा सुरेख वास सुटला. रनमतीने तो डोळे मिटून घेतला, जौकलानेही.

एक तुकडा जौकलाने पुरावा म्हणून घरी आणला. तिची सासू मनसरा डोळ्यांनी अधू होती. तिने तो नाकाशी धरला.

"हे डोकं कोणी उकरलं?"

"कसलं डोकं? करणी आहे ती, सासूबाई."

"करणी तुझी! मुळीचं डोकं आहे हे. खालची मुळी कापून घ्यायची आणि कोंबाचं डोकं परत मातीत. पाय देऊन दाबायचं, नाहीतर बर्फ त्याला वर ढकलतो. काही वर्षं तिथे फिरकायचं नाही. आमच्या वेळी सगळ्याच असं करायच्या. मग व्यापारी आला, वजनावर घ्यायला लागला, आणि तुम्ही डोक्यासकट तोलायला लागलात. मुंडकं विकलं की धड उगवत नाही, सूनबाई. आणि जी ते परत लावत होती, तिच्या तोंडात तुम्ही काय घातलंत?"

"मग आधी का नाही बोललात?"

"सासूचं ऐकायची या घरात पद्धत कधी होती?"

जौकलाने तो तुकडा फडक्यात बांधला आणि ती जुनकिरीच्या घराकडे निघाली. सबंध कुरणाचं बियाणं तिने आपल्या हाताने जाळलं होतं, आणि वर त्याचा वास घेतला होता!

जुनकिरी शेळ्यांच्या गोठ्यात पडली होती. जबडा सुजलेला.

"चुकलं गं," जौकला म्हणाली.

"काठी तुझ्या हातात होती."

"हो."

"मग चुकलं म्हणू नकोस. मारलं म्हण."

"मारलं."

"सभेत म्हण."

"म्हणेन. वर काही उरलंय का?"

"खडकांच्या खोबणीत, जिथे तुमची हाव चढू शकली नाही, तिथे थोडी रोपं असतील. दाखवीन. पण पुरायचं तुम्ही, माझ्यादेखत. आणि रनमती पहिली."

"एक विचारू? पुटपुटतेस काय?"

"सासूला शिव्या देते. घरात मोठ्याने देता येत नाहीत."

जौकलाने सभेत ते म्हटलं. धामीच्या देवाने यावेळीही दुमत दाखवलं नाही. आता आश्विनात बायका खालची मुळी तेवढी घेतात, डोकं पुरतात, पाय देऊन दाबतात आणि पुटपुटतात. काय, ते मनसराने अजून विचारलेलं नाही.

वाचकहो, तात्पर्य सोपं आहे. मातीतून घ्यावं तेवढं मातीला परत द्यावं; आणि कोणी बाई काही पुरताना दिसली, तर आधी वाकून बघावं. काठी काय, नंतरही हाताशी असते.

कुरण भरायला बरीच वर्षं लागतील. पण ते भरेल. जुनकिरीचे पुढचे दोन दात मात्र, कितीही खोल पुरले, तरी उगवायचे नाहीत.