पुंजाजीच्या नावाचा शेणकिडा

शिरड शहापूरच्या पुंजाजीला आयुष्यात एकच दुखणं होतं, आणि ते दुखणं डॉक्टर होतं. थोरला लेक शिवहार. मेंढरांमागं हिंडताना हे पोरगं लेंड्या उकरत बसायचं, तेव्हाच बापानं कपाळाला हात लावला होता. पण गडी हिंगोली, परभणी करत पार बंगळुरूला पोचला आणि शेणकिड्यांवर डॉक्टर झाला. शेणकिड्यांवर! त्याच्या आईनं, भागाबाईनं, गावभर पेढे वाटले, तर दुसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला दारात हजर. शिवहार म्हणाला, मी किडे बघतो. म्हाताऱ्या पुंजाजीकडं बघत बघत माघारी गेल्या.

सुट्टीला आला की चाळिशीला टेकलेला हा बाप्या चमचा घेऊन गायरानात पालथा पडलेला. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे तो चमचा बघूनच परत जायचे. पुंजाजीला पारावर बसायची चोरी झाली.

यंदा मात्र शिवहार आला तो हवेतच. आपल्याच गायरानात, आपल्याच मेंढरांच्या लेंडीत त्याला मागल्या सुट्टीत असा किडा सापडला होता, जो जगात कुणी नोंदवलेलाच नव्हता. नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा, फक्त स्वतःचं ठेवायची रीत नाही. जेवता जेवता त्यानं सांगून टाकलं, "बा, तुमचं नाव देऊन राहिलो."

पुंजाजीचा घास हातातच राहिला. आपल्यात म्हाताऱ्याचं नाव ठेवतात ते तो गेल्यावर, आणि तेही नातवाला. इथं मी धडधाकट जिता, नातवाचा पत्ता नाही, आणि नाव कुणाला, तर शेणातल्या किड्याला! तो ताटावरून उठला. शिवहारचे डोळे भरलेले त्यानं पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. किड्याचं नाव लिहिलेला कागद सोमवारी बंगळुरूला धाडायचा होता. गावाला बातमी लागायला कितीसा वेळ लागतो? संतराम, ज्याचं आणि पुंजाजीचं बांधावरून वीस वर्षं वाकडं, तो आपल्या पायानं घरी आला. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला की म्हाताऱ्याला तकलीफ होत असंल तर माझं नाव टाक, जगाच्या पुस्तकात राहतंय म्हणतेत, फुकटचं कोण सोडतंय? शिवहार मान खाली घालून म्हणाला, बघतो काका.

पुंजाजी ताडकन उठला. "काहून बघतो? मेंढरं माही, लेंडी माही, पोरगं माहं, अन् नाव याचं?"

संतराम चहा संपवून हसत हसत गेला. जाताना त्यानं शिवहारला डोळा मारला, असं भागाबाई अजून सांगते.

पुंजाजी लेकाशेजारी टेकला. "दाखव," म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं लेकाचा एकही किडा धड पाहिला नव्हता. शिवहारनं डबी उघडली, भिंग हातात दिलं. तुरीच्या दाण्याएवढा काळा किडा, डोक्यावर दोन शिंगं. हा दिवसभर करतो काय, पुंजाजीनं विचारलं. शिवहार सांगू लागला. मादी बिळात पिल्लांसाठी शेण साठवते, आणि नर बिळाच्या तोंडाशी उभा राहून राखण करतो. कुणी अंगावर आलं तर शिंगं लावतो, पण जागा सोडत नाही.

पुंजाजीला मनातून फार लाज वाटली. बराच वेळ त्यानं भिंगातून डोळा काढला नाही.

"माह्यापरीस बरा बाप हाय ह्यो," तो म्हणाला. "तरी लिही माहं नाव."