दोन बोटांची फट

दादा गेल्याला तीन महिने झाले तरी रोह्याच्या दवाखान्यातून दर पंधरवड्याला फोन यायचाच, की हर्षद म्हात्रे यांना पायाच्या तपासणीला घेऊन या. फोन आईजवळ असायचा. दादाचं नाव ऐकलं की आई उठून दारापर्यंत जायची, खाडीकडे बघत राहायची आणि त्या दिवशी जेवायची नाही. ते नाव काढून टाका म्हणून मी धरमतरहून दोनदा गेलो, दोनदा मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स दिली. काउंटरवरची मुलगी ती गोड हसून ठेवून घ्यायची.

जेटीवर बार्जमधून माल उतरवताना दादाची नडगी चिरडली होती आणि हाडात दोन बोटांची फट राहिली होती. डॉक्टरांनी तिच्यात जेल भरलं. म्हणाले, हा मांडव समजा, हाड वेलासारखं यावर चढेल, मग मांडव आपोआप विरघळेल. दादा खूश होता. एका संध्याकाळी कुबडी घेऊन बांधावर गेला आणि घसरून उधाणाच्या पाण्यात पडला.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शेजारी हाताला प्लास्टर घातलेली वरसे गावची एक म्हातारी बसली होती. एक्स-रेवाल्याने दोनदा हाक मारली, "हर्षद म्हात्रे!" तशी ती हसली.

"मेला काय हा हर्षद? उठत कसा नाय?"

माझं डोकं फिरलं. "मीच हर्षद. काढा फोटो!" म्हणत मी आत घुसलो आणि टेबलावर पाय टाकला. माझी तंगडी जन्मात कधी मोडली नव्हती. म्हटलं, धड हाड दिसलं म्हणजे तरी यांना कळेल की तो माणूस आता नाही.

डॉक्टरांनी नवा फोटो दादाच्या जुन्या फोटोशेजारी उजेडावर लावला. नडगीत तीच फट होती. फक्त ती आता एका बोटाची उरली होती, आणि बाकीच्या जागी धुक्यासारखं काहीतरी पांढरं धरलं होतं.

"छान भरतंय."

"हा माझा पाय हाय, साहेब. दादा मेला माझा." मी पँट गुडघ्यापर्यंत ओढली आणि दाखला त्यांच्यापुढे आपटला.

त्यांनी माझ्या नडगीवरून अंगठा फिरवला. टाका नाही, व्रण नाही. मग दाखला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि नीट घडी घालून परत दिला.

"हाड वाढतंय तोवर नाव नाही काढता येत," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या महिन्यात या."

पेणपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होतो, डॉक्टरांना, त्या मशीनला, दादालासुद्धा.

आई दारातच होती. "काढलंस नाव?"

मी फोटोचं पाकीट ओटीवर फेकलं. तिने नवा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि खूप वेळ बघितला. मग माझ्यापाशी खाली बसली, पँट वर सरकवली आणि नडगीवर बरोबर त्या जागी बोट ठेवलं.

"दुखतं काय रे, हर्षद?"

"मी जगन हाय गो, हर्षद नाय!" असं ओरडायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने बोट जरासं दाबलं.

"हळू, आये," मी म्हणालो.