पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग

पांढरे एकोणीस आहेत. गिऱ्हाइकाला एकच दिसतो.

माझा साडू एका पायावर उभा राहून बूट घालतो. दाराला, भिंतीला, बायकोच्या खांद्याला, कशालाही हात न लावता.

सासूबाईंच्या घरी हात असलेली खुर्ची एकच आहे.

बीट मी मंगळवारी खाल्लं नव्हतं. सोमवारीही नाही.

लाल रंगाचा थेंब चुकून बादलीत पडला तर तो काढता येत नाही. फक्त आणखी पांढरा ओतत बसायचं.

आमच्या संडासाला खिडकी नाही. दिवा पिवळा आहे.

—

मी रंगाच्या दुकानात रंग जुळवतो. लोक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणतात, कुणी उशीचा अभ्रा आणतं, एका बाईंनी तर मांजर आणलं होतं. मी बघतो, यंत्रातून थेंब सोडतो, काडीने ढवळतो आणि पुठ्ठ्यावर एक फराटा ओढून दुकानाच्या पायरीवर जातो. पायरीवर जायचंच, पाऊस असो की ऊन. दुकानात ट्यूबलाइट आहे आणि तिच्या उजेडावर विश्वास ठेवायचा नाही. मालकांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं : दिव्याखाली जुळवलेला रंग गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भांडतो.

तेवीस वर्षांत माझा एकही डबा परत आलेला नाही.

हे सासरी कुणाला माहीत नाही. तिथे लिफ्टचं कौतुक आहे.

—

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे ज्या इमारतीची लिफ्ट बंद, तिथेच त्याला बोलावतात, आणि मग तो जिन्याने वर जातो. अकरा मजले, चौदा मजले, हातात हत्यारांची पेटी. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, बावन्न पूर्ण. बसला तरी त्याच्या शर्टाला पोटावर घडी पडत नाही. मी मनातल्या मनात त्याला फळी म्हणतो. तोंडावर साडूभाऊ म्हणतो, अहोजाहो करतो.

सासूबाईंनी हातांच्या खुर्चीचं कधी काही ठरवलेलं नाही. तो आला की ती रिकामी असते, एवढंच.

गेल्या महिन्यात तिथे सगळ्यांचा फोटो काढला. बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, जरा भाऊजींसारखं पोट आत घ्या."

भाऊजींनी पोट आत घेतलेलं नव्हतं. घ्यायला होतं कुठे.

मी घेतलं. फोटो काढणारीने तीनदा काढला. तिसऱ्या वेळी माझा दम सुटला आणि नेमका तोच फोटो मेहुणीने मोठा करून भिंतीवर लावला.

—

रविवार. साडूच्या घरची गच्ची. सकाळचे आठ.

मी स्वतःहून गेलो. म्हटलं, साडूभाऊ, मलाही थोडा व्यायाम शिकवा. त्याला इतका आनंद झाला की माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणाला, पाच-पाच करा, मध्ये थांबा, पहिल्या दिवशी वीसच्या वर जायचं नाही, शरीर म्हणजे काय लिफ्ट नव्हे, बटण दाबलं की चालू व्हायला. हा त्याचा विनोद. मेहुणी या विनोदाला अजूनही हसते.

त्याने बैठकांना सुरुवात केली. मीही केली. त्याची पाठ सरळ, माझी आपली ठीक. वीस झाल्या तरी मी थांबलो नाही. चाळीसनंतर मांड्या पेटल्या. सत्तरनंतर त्या माझ्या राहिल्या नाहीत, आणि मग बरंच झालं, दुसऱ्याच्या मांड्यांची काळजी कशाला करायची. शंभर. दीडशे. घाम डोळ्यांत गेला. माझ्या डोळ्यांसमोर तो भिंतीवरचा फोटो होता आणि मी प्रत्येक बैठकीला त्यातलं पोट दाबत होतो.

दोनशे दहा.

दोनशे दहा झाल्या तेव्हा मी जिंकलो होतो. घरी येऊन बायकोला आकडा सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, कशाला?

—

सोमवारी मी जिना उलटा उतरलो, पाठ खाली करून, कठडा धरून. दुकानात ड्रॉवरमध्ये दुखण्याच्या गोळ्या असतात, त्यातल्या दोन घेतल्या. दुपारी आणखी दोन.

मंगळवारी सकाळी लघवीचा रंग

(इथे मी थांबतो, कारण नेमका शब्द हवा. चहासारखा असं लोक म्हणतात. कुठला चहा? दूध घातलेला की कोरा? किती वेळ उकळलेला?)

मंगळवारी सकाळी लघवीचा रंग आमच्या तपकिरी पट्टीवरच्या तिसऱ्या चौकटीचा होता. पट्टीत सात चौकटी असतात, मधापासून कॉफीपर्यंत. मी संध्याकाळी दुकानातून ती पट्टी खिशात घालून आणली, टिंटरच्या, म्हणजे यंत्रात भरायच्या रंगाच्या, नमुन्याची एक रिकामी काचेची बाटली आणली, आणि संडासाचं दार लावून पिवळ्या दिव्याखाली दोन्ही शेजारी धरलं. चौथी चौकट.

घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे बायकोला सांगायचं. बायकोला सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत तिच्या बहिणीला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत फळीला. मग तो येणार. माझ्या उशाशी बसून समजूतदार चेहऱ्याने म्हणणार, सांगितलं होतं ना, वीस.

म्हणून मी सीमा आखली. सहाव्या चौकटीच्या पुढे गेलं तर सांगायचं. तोवर नाही.

बुधवारी पाचवी. दिवसभरात लघवी दोनदाच झाली, तीही अर्धी वाटी. मांड्या सुजून पँट वर चढेना. बायकोने बघितलं आणि म्हणाली, बेडकी कितीही फुगली तरी बैल होत नाही, जा, दाखवून या. मी म्हटलं, व्यायामाने स्नायू भरतात, तुला काय माहीत. आणखी दोन गोळ्या घेतल्या.

गुरुवारी सकाळी बाटली दिव्याखाली धरली. सहावी. बरोब्बर सहावी. पुढे नाही.

मी कमोडवरून उठायला गेलो आणि उठलो नाही.

—

पाय होते, पण हुकूम ऐकत नव्हते. बायकोने काखेत हात घालून ओढून बघितलं. दोनदा. मग ती बाहेर गेली आणि मला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. भाऊजी, जरा येता का.

मी आतून म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी बोलव."

"कुणाला? नाव सांगा, लगेच बोलावते," ती म्हणाली.

मी आतून फक्त टॉवेल मागितला.

तो वीस मिनिटांत आला. चौथ्या मजल्यावर, जिन्याने, आणि दम लागलेला नव्हता. मी मांडीवर टॉवेल घेऊन बसलो होतो. त्याने विनोद केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, माझे हात स्वतःच्या गळ्यात घेतले आणि सरळ पाठीने उभा राहिला. मला घेऊन. एक बैठक. एवढं सुंदर मी माझ्या आयुष्यात काही पाहिलेलं नाही आणि इतका राग मला कुणाचा आलेला नाही.

बाटली टाकीवर होती. पट्टी तिच्याखाली. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं, तो मला कॉटवर न्यायच्या विचारात होता. बायको म्हणत होती, स्नायू आखडलाय, शेकलं की सुटेल. कॉटवर झोपलो असतो, संपलं असतं. सहावीच होती. माझ्याच नियमाप्रमाणे अजून सांगायचं नव्हतं.

पण दार उघडं होतं. पॅसेजच्या खिडकीतला उजेड उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि तेवीस वर्षांत मी एकही रंग दिव्याखाली पास केलेला नव्हता.

मी म्हटलं, "साडूभाऊ, ती बाटली घ्या आणि खिडकीशी धरा. इथे कळत नाही."

त्याने मला भिंतीला टेकवलं, बाटली उचलली, खिडकीत धरली. बायकोने तोंडावर हात ठेवला.

पिवळ्या दिव्यात लाल मरतो. हे मी शिकाऊ पोरांना सांगतो. उजेडात ती सहावी चौकट नव्हती, पाचवी नव्हती, ती त्या पट्टीवरच नव्हती. ती लाल पट्टीची होती, काळपट लाल, अगदी तळाची.

"तपकिरी आहे हो," साडू म्हणाला. "काढा असतो तसं."

"लाल आहे," मी म्हटलं. "तुम्हाला काय कळतंय रंगातलं."

हे बोलताना मला जे बरं वाटलं ते मी इथे लिहून ठेवतो, कारण त्यानंतर बराच वेळ तसं वाटलं नाही.

—

दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती. तिने फॉर्म भरायला घेतला.

पोटात दुखतं का?

(लग्नाला सतरा वर्षं झाली.) नाही.

जळजळ होते?

(कुणाला बघून म्हणता?) नाही.

आधी कधी असा त्रास?

नाही.

कशामुळे झालं असं वाटतं?

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाला, "माझ्याकडून झालं. मी व्यायाम शिकवत होतो. लक्ष ठेवायला हवं होतं."

म्हणजे चूकसुद्धा त्याचीच. तीही त्याने खांद्यावर घेतली, हत्यारांच्या पेटीसारखी, एका हाताने.

डॉक्टरने समजावून सांगितलं, आणि सांगताना ती त्याच्याकडे बघत होती. एकदम झेपणार नाही इतकं काम केलं की स्नायू तुटतात, त्यांतला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि तिथून मूत्रपिंडात जाऊन अडकतो. वर दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आगीत तेल. रक्तातला जो आकडा दोनशेच्या आत हवा तो माझा एकसष्ट हजार होता. मूत्रपिंडं अजून चालू होती, पण रडतखडत. दोन दिवस सलाइन जोरात सोडायचं. लघवी वाढली आणि फिकट झाली तर ठीक, नाही तर डायलिसिस. मग ती साडूला म्हणाली, "बरं केलंत, आज आणलंत."

मी म्हणणार होतो की बाटली खिडकीत धरायला मी सांगितलं. तोवर ती पुन्हा फॉर्मकडे वळली होती.

—

नळी, पिशवी, खाटेच्या दांडीला अडकवलेला तक्ता. दर तासाला किती आणि रंग कोणता ते लिहायचं. पहिल्या दिवशी बायको दुपारी घरी जाऊन येईपर्यंत साडू बसला. त्याचं अक्षर चांगलं आहे, तेही असायलाच हवं. नर्स म्हणाली, असा तक्ता कुणी ठेवत नाही. मी डोळे मिटले.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "मी चार तास नुसतं लाल लाल लिहितोय. फरक पडतोय की नाही ते मला कळत नाही. तुम्ही बघून सांगा."

माझी खाट खिडकीपाशी होती. त्याने पिशवी हळूच उजेडाकडे वळवली. मी बघितलं. घाई केली नाही. त्याला जरा थांबू दिलं, दुकानात गिऱ्हाइकाला थांबवतो तसं.

"जुनी वीट," मी म्हटलं. "सकाळी ओली होती. आता वाळलेली लिहा."

त्याने लिहिलं. पुढच्या तासाला पुन्हा वळवली. वाळलेलीच. त्याच्या पुढच्या तासाला पिशवी अर्धी भरली होती आणि विटेत मध शिरला होता, अगदी कडेला, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल इतका. त्याने डोळे बारीक करून बघितलं, मान तिरपी केली, पुन्हा बघितलं.

"मला नाही दिसत," तो म्हणाला.

"दिसणार नाही," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी तो पुन्हा आला; मी सांगितलेला रंग त्याने खोडाखोड न करता तक्त्यात लिहिला : कोरा चहा, फिकट, साधारण पाच मिनिटं उकळलेला. डॉक्टरने वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? साडूने माझ्याकडे बोट दाखवलं. ती हसली. डायलिसिसचं नंतर कुणी बोललं नाही.

साडू निघाला. दाराशी त्याने बूट घातले. एका पायावर, कशालाही हात न लावता.

त्या रविवारी साडू साठ बैठकांवर थांबला होता आणि लिफ्टचा फोन आला म्हणून खाली घरात गेला होता. उरलेल्या दीडशे मी रिकाम्या गच्चीवर काढल्या.