ओकच्या फळीवरची लाल टोपी

मित्रांनो, मी एक जुनी ओकची फळी आहे, जेमतेम हातभर लांब. हार्लेमच्या टीमेन चित्रकाराने मला खडू आणि सरसाचं अस्तर दिलं, तेही इतकं पातळ की माझ्या लाकडाच्या रेषाच वाळूच्या टेकड्या म्हणून खपून गेल्या. रंगाच्या बाबतीत माणूस चिक्कूच! खाली चार बोटं जमीन आणि वर सगळे ढग.

मला न्यायला आलेल्या हिलेगोनबाईने नाक मुरडलं.

"अहो, जमीन कुठाय? सगळं आभाळच गळ्यात मारलंत की!"

"आपल्याकडे आभाळच मोठं, बाई. माणूस राईएवढा."

"मग त्या राईएवढ्यात माझा नवरा बसवा."

तिचा नवरा वायब्रांट कापड उन्हात पसरून पांढरं करायच्या कुरणावर राबायचा. टीमेनने माझे रंग पुरते वाळू दिले आणि मग बारीक कुंचल्याने कुरणाकडे जाणाऱ्या वाटेवर चार ठिपके टेकवले: वाकलेली पाठ, दोन पाय, लाल टोपी. त्या टोपीमुळेच माझं आभाळ खरं मोठं दिसू लागलं.

वायब्रांट पोट धरून हसला. "भिंतीवरसुद्धा मला कामालाच लावलंस होय गं!"

दोन वर्षांनी तो तापाने गेला. त्यानंतर हिलेगोन रोज सकाळी माझ्यापुढे उभी राहून टोपीला विचारायची, "निघालात?" तिच्याकडे त्याचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

पण बाई स्वच्छतेची भारी वेडी. ईस्टरच्या आधी घर घासताना चुलीच्या धुराने काळवंडलेली मीही तिच्या तावडीत सापडले. राखेच्या पाण्याने ढग उजळले, तशी ती खूश झाली आणि घासत खाली आली. वरून लावलेला पातळ रंग तो, टिकणार किती? वाट रिकामी झाली. फडक्यावर लाल डाग तेवढा राहिला.

टीमेन धावत आला. "रडू नका. चार ठिपक्यांचं तर काम, आत्ता काढून देतो."

"नको. तो दुसराच कुणीतरी असेल."

मित्रांनो, जुन्या चित्राला पाणी लावू नका. मऊ, कोरड्या फडक्याने हलकेच धूळ टिपा आणि बाकीचं जाणकारावर सोपवा. हिलेगोनच्या घरात शनिवारी दारची पायरीसुद्धा घासून निघायची. ते एक फडकं मात्र तिने कधीच धुतलं नाही.