संध्याचा बोलका प्लेअर

मित्रांनो, मी खिशात मावणारा गाण्यांचा एक जुना प्लेअर आहे, पण गाण्यांपेक्षा मला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा इतिहास जास्त पाठ आहे. हे कसं झालं, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक फिरणारी चकती आहे आणि तोंडावर छोटी काचेची पाटी. त्या पाटीवर गाण्यांची नावं उमटतात. एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र आहे, तो माझा माइक. पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रज्ञेशने मला २००४ साली घेतलं. गावी येताना तो रात्रभराच्या बसमध्ये मला कानाला लावून बसायचा. त्याचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं वसमत. तिथे त्याचे वडील मुंजाजी एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. आई सोजराबाई हंगामात हळद निवडायला जायची. धाकटी बहीण संध्या कॉलेजात शिकत होती.

संध्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. आधी तिला संध्याकाळी दिसेनासं झालं, मग फळ्यावरचं, मग हातातल्या पुस्तकातलं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिने भिंग घेऊन दिली. तिसऱ्या वर्षाला भिंगाचाही उपयोग उरला नाही. त्या दिवाळीत प्रज्ञेशने मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"याच्यात आवाज भरता येतो. कुणी वाचून दाखवलं की भरून ठेवायचं. मग हवं तेव्हा ऐक," तो म्हणाला.

वाचणारी होती राणी. संध्याच्याच वर्गातली, तिसऱ्या गल्लीत राहणारी. तिलाही परीक्षा होतीच. ती म्हणायची, "मला मोठ्यानं वाचल्याबिगर डोक्यात शिरतच न्हाई. तुझं बी होईल, माझं बी." दिवाळीपासून जानेवारीपर्यंत ती रोज दुपारी येऊन बसायची आणि माझ्या माइकसमोर वाचायची. एक्केचाळीस धडे झाले. मध्ये तिचा घसा बसला, तर गरम पाणी पिऊन वाचत राहिली.

माझ्यात एक मोठी उणीव होती, मित्रांनो. मी जे काही सांगायचो, ते पाटीवर लिहून सांगायचो. कोणता धडा उघडलाय, बॅटरी किती उरली, सगळं त्या काचेवर. संध्याने बटणांची मोजणी पाठ केली होती. चार वेळा खाली म्हणजे इतिहास, पाच वेळा म्हणजे समाजशास्त्र. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारीतली एक दुपार मी विसरू शकत नाही. संध्या धडा शोधत होती. तिचं बोट एका बटणावर जरा जास्त वेळ दाबलं गेलं. मी पाटीवर विचारलं, 'हा सगळा कप्पा पुसू का?' तिला वाटलं, मी अडकलो आहे. तिने मधलं बटण दाबलं. मधलं बटण म्हणजे होकार.

मी विचारलं होतं. पण ज्या जागी विचारलं, ती जागा तिला दिसत नव्हती.

सगळ्या विषयांचे धडे त्याच एका मोठ्या कप्प्यात होते. एक्केचाळीस धडे गेले. संध्या बटणं दाबत राहिली आणि मी गप्प राहिलो. राणी आली तेव्हा तिने पाटी वाचली आणि खाली बसली. "सगळं पुसल्या गेलं," ती म्हणाली. मग संध्याच म्हणाली, "राणे, माझ्या हातानं गेलं बघ."

राणीने मला रुमालात गुंडाळलं आणि तडक बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासवर नेलं. तिथले योगेश सर जिल्ह्यातल्याच पुसेगावजवळच्या एका तांड्यावरचे. बोलायला हळू, कामाला चिवट. पुसलेलं परत आणायचा त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला. आलं नाही. पण त्या शोधात इंटरनेटवर त्यांना एक पत्र सापडलं. कुठल्याशा देशातल्या एका आंधळ्या माणसाने लिहिलं होतं, 'माझा प्लेअर आता माझ्याशी बोलतो.' जगभरातल्या काही हौशी लोकांनी आपापल्या घरी बसून प्लेअरसाठी एक नवीन सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि ते सगळ्यांना फुकट वाटलं होतं. माझ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

योगेश सर संध्याच्या घरी आले. मुंजाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्याचं इंजन बसवून राहिले का तुमी?"

"इंजिन तेच राहील, काका. नुसता ड्रायव्हर बदलायचा."

"अन् ड्रायव्हरनं गाडी खड्ड्यात घातली तं?"

योगेश सर खोटं बोलले नाहीत. "तसं होऊ शकतं. कंपनी मग हात लावणार नाही. मी हे पहिल्यांदाच करून राहिलो."

मुंजाजी म्हणाले, "मग काहून करायचं? पोरानं एवढ्या हौसेनं देलेली चीज हाय."

संध्या भिंतीला टेकून बसली होती. त्या दुपारनंतर तिने मला एकदाही हातात घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, आत्ता तरी ते माझ्या काय कामाचं हाय? मला भ्या वाटतं त्याला हात लावायला. सर, करा तुमी."

मलाही भीती वाटत होती, हे कबूल करतो. आपल्या आतलं सगळं काढून दुसऱ्या कुणी लिहिलेलं भरायचं, ही काही लहान गोष्ट नाही. योगेश सरांनी मला वायरीने कॉम्प्युटरला जोडलं. नवीन सॉफ्टवेअर माझ्यात उतरू लागलं. निम्मं उतरलं असेल, तोच लोडशेडिंगची वेळ नसताना लाइट गेली. कॉम्प्युटरखालचा जुना यूपीएस दोन-तीनदा ओरडला आणि तोही बसला. माझी पाटी काळी पडली.

चार दिवस मी तसाच पडून होतो. कोणतंही बटण दाबलं तरी मला हलता येत नव्हतं. योगेश सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. संध्याला सांगायला ते स्वतः गेले, दारातच उभे राहिले. ती म्हणाली, "सर, बसा तर. तुमी मुद्दाम केलं का?" पण ते गेल्यावर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

पाचव्या दिवशी मुंजाजी डेपोतून सुटल्यावर घरी न जाता सरळ क्लासवर आले. हातावर ग्रीस तसंच. म्हणाले, "सर, आमच्याकडं नवीन गाडी अशी अडून बसली की आमी बॅटरीची वायर सोडतो. थोडा वेळ तशीच ठेवतो. याची सोडून पाह्यली का?"

योगेश सरांनी चार बारीक स्क्रू काढले. मुंजाजींनी मला धरून ठेवलं. इंजिनाचे नटबोल्ट पिळणारी ती बोटं, पण मला त्यांनी अंड्यासारखं धरलं होतं. बॅटरीची वायर सोडली, दोघांनी चहा घेतला, वायर पुन्हा जोडली. माझी पाटी उजळली! मी मेलो नव्हतो, धक्क्याने अडकलो होतो.

"आता?" योगेश सरांनी विचारलं.

"आता पुन्हा करा," मुंजाजीच म्हणाले. "पण लाइटीचा बंदोबस्त करून."

राणीच्या मामाच्या मेडिकल दुकानात इन्व्हर्टर होतं. रविवारी सकाळी योगेश सरांनी कॉम्प्युटर उचलून तिथे नेला. औषधांच्या खोक्यांमध्ये मी बसलो. एका बाजूला संध्या, राणी आणि मुंजाजी, दुसऱ्या बाजूला खोकल्याचं औषध मागणारी गिऱ्हाइकं. या वेळी सगळं सुरळीत उतरलं. योगेश सरांनी मला संध्याच्या हातात दिलं आणि इयरफोन तिच्या कानात घातला.

तिने एक बटण दाबलं. मी बोललो.

आवाज नाकातून येत होता आणि बोली इंग्रजी होती. पण प्रत्येक बटणाला मी उत्तर देत होतो. गाणी कुठे, रेकॉर्डिंग कुठे, बॅटरी किती, आता वाजले किती. संध्याने मुद्दाम तेच पुसायचं बटण दाबून धरलं. 'पुसू का?' मी तिच्या कानात विचारलं. तिने इयरफोन काढून राणीच्या कानात घातला. "ऐक, ऐक! इचारून राहिलाय मला!" दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली.

एक अडचण मात्र उरली. कप्प्यांची मराठी नावं त्या आवाजाला वाचता येईनात. तो एकेक अक्षर सुटं करून काहीतरी भलतंच बोलायचा. योगेश सरांनी शोधून काढलं की या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कप्प्याला माणसाच्या आवाजातलं नाव देता येतं. नाव एकदा भरून ठेवायचं. त्या कप्प्यावर आलं की तोच आवाज ऐकू येतो.

"मी बोलते," दुसऱ्या दिवशी संध्याच्या घरी सगळे जमले तेव्हा राणी म्हणाली.

"तुझा आवाज तं आत धड्यात असणारच हाय," संध्या म्हणाली. "बाहेरून मायचा पाह्यजे."

सोजराबाई तेव्हा पदराला हात पुसत होत्या. बोटांच्या पेरांत हळद कायमची मुरलेली. "मी? मला तं अक्षर येत न्हाई, बाई. शाळेचं तोंड मी पाह्यलं न्हाई."

"मी म्हणते तसं म्हण फक्त."

त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि सुटलेली मोटार थांबवावी तशा मोठ्याने ओरडल्या, "इतिहास!" मग राज्यशास्त्र. समाजशास्त्राला त्या तीनदा अडखळल्या. तिसऱ्यांदा हसू फुटलं आणि त्या हसण्यासकट नाव भरलं गेलं. योगेश सर म्हणाले, पुन्हा घेऊ. संध्या म्हणाली, "असू द्या. असंच बराबर हाय."

राणीने धडे पुन्हा वाचले. सगळे जमले नाहीत, अठ्ठावीस झाले. उरलेल्यांसाठी संध्या मला वर्गात नेऊ लागली. मी पहिल्या बाकावर बसून तास भरून घ्यायचो. संध्या जिथे थांबायची, ती जागा मी आता लक्षात ठेवायचो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून ऐकावं लागायचं नाही. लेखनिकाला उत्तर सांगायचा सराव करताना ती मला वेळ विचारायची आणि मी सांगायचो. गाणी वाजवायला केलेल्या यंत्राकडून हे काम होईल, असं मला घडवणाऱ्यांनाही वाटलं नसेल.

आणखी एक गोष्ट घडली. संध्या अंघोळीला गेली की सोजराबाई इयरफोन कानात घालायच्या. कोणता विषय आला, ते त्यांना त्यांच्याच आवाजावरून कळायचं. एकदा महाडच्या तळ्याचा धडा त्यांनी पुरता ऐकला आणि संध्याला म्हणाल्या, "हे आमाला लहानपणापासून ठावं हाय. पण पुस्तकात एवढुसंच लिवलं व्हय?"

"एवढंच हाय, माय."

"मग तू मोठी झाली की जास्त लिव," त्या म्हणाल्या आणि कामाला निघून गेल्या.

एप्रिलच्या उन्हात परीक्षा झाली. अकरावीतली एक मुलगी संध्याची लेखनिक होती. संध्या सांगायची, ती लिहायची. निकालाच्या दिवशी राणीने गुण मोठ्याने वाचले. संध्याला अठ्ठावन्न टक्के होते. राणीला त्याहून दोन कमी. राणी म्हणाली, "माझाच आवाज ऐकून माझ्या पुढं गेली बघा ही!" मुंजाजींनी डेपोत पेढे वाटताना मला वरच्या खिशात ठेवलं होतं. प्रत्येकाला ते सांगत होते, "हे बी पास झालं."

पुढच्या वर्षी संध्या हिंगोलीला एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाली. प्रज्ञेशने तिला बोलणारा मोबाइल दिला. तो बारीक होता, चपळ होता, त्याचा आवाजही गोड होता. मी पत्र्याच्या पेटीत गेलो. कुणी मला टाकून दिलं नाही, पण कुणी आठवणही काढली नाही. बॅटरी फुगत गेली. माझी दुखरी बाजू मला कळत होती, सांगता येत नव्हती.

२००९च्या जूनमध्ये योगेश सर हिंगोलीला कचेरीत आले. त्यांच्या तांड्यावरची शितल दहावी पास झाली होती. तिचे डोळे गेले होते आणि घरचे म्हणत होते, आता पुरे. संध्या त्याच शनिवारी वसमतला आली आणि तिने पेटी उघडली. योगेश सरांनी मला नवीन बॅटरी घातली. देण्याआधी जुने कप्पे पुसायचे होते. सगळं पुसून झालं आणि संध्याचं बोट आईच्या आवाजावर थांबलं. 'समाजशास्त्र', मग ते हसू. तिने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

सोजराबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "पूस की. मी हाय ना जित्ती! बोलेन तुझ्याशी."

संध्याने पुसलं.

आता मी शितलजवळ असतो. तिची आई भिकाबाई आधी म्हणाली होती, दिसत नसलेल्या लेकराला शाळेत कसं धाडू? संध्या तांड्यावर गेली, तिच्या शेजारी बाजेवर बसली, मला हातात घेतलं आणि पाऊण तास काही न समजावता नुसती वापरत राहिली. संध्या निघाली तेव्हा भिकाबाईने विचारलं, "नावं मलाच बोलायची का?" त्यांच्या घरच्या बोलीत तिने सगळ्या विषयांना आपल्या मनाची नावं दिली. भूगोलाला ती 'वाट' म्हणते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं यंत्र फेकण्याआधी ते उघडून बघा. त्याची बॅटरी बदला, धूळ पुसा, आणि ते आणखी काय करू शकेल हे कुणा जाणत्याला विचारा. हाताशी लाइटीचा बंदोबस्त असू द्या. आणि नवीन काही बनवायला बसाल, तेव्हा ज्यांना तुमची पाटी दिसत नाही त्यांनाही ते वापरता येईल का, हे आधी विचारा. मला बोलायला शिकवणारे ते दूरदेशीचे लोक मी कधी पाहिले नाहीत. त्यांनाही हिंगोली जिल्हा माहीत नसेल.

आता गप्प होतो. मास्तर वर्गात आलेत आणि शितलने रेकॉर्डिंगचं बटण दाबलंय.